एका रस्त्यावर दोन कायदे

हेब्रॉन शहराच्या शुहादा रस्त्यावरून इस्रायली नागरिक चालू शकतो. परदेशातून आलेला पर्यटकही चालू शकतो. ज्याच्या आजोबांचे दुकान त्याच रस्त्यावर होते, तो पॅलेस्टिनी माणूस मात्र रस्त्याच्या मोठ्या भागात पाऊल ठेवू शकत नाही. तिथल्या काही घरांचे रस्त्याकडचे दरवाजे इस्रायली लष्कराने वेल्डिंग करून बंद केले. आतली माणसे मागच्या बाजूने, शिड्या लावून, शेजाऱ्यांच्या गच्च्यांवरून ये-जा करत राहिली. हा एकेकाळी शहराचा मुख्य बाजार होता. बसस्थानक, भाजी मंडई, कासारांची आणि सोनारांची दुकाने, सगळे याच परिसरात. आज तिथे बंद शटरांची रांग आहे आणि चौकाचौकांत बंदूकधारी सैनिक आहेत.

इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशाच्या दक्षिणेतल्या या शहरातून गोळीबाराची किंवा चाकूहल्ल्याची बातमी आली की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘हे लोक हजारो वर्षांपासून भांडताहेत, त्यात कुणी काय करणार?’ हे वाक्य चुकीचे तर आहेच, शिवाय ते घातक आहे. भांडण रक्तातच असेल तर त्याला जबाबदार कोणीच उरत नाही. निर्णय घेणारे मंत्री, आदेश काढणारे लष्करी अधिकारी, माणसे पाठवणाऱ्या संघटना, सगळे एका फटक्यात सुटतात. हेब्रॉनचा इतिहास नीट पाहिला तर तिथला हिंसाचार टप्प्याटप्प्याने घडवला गेल्याचे दिसते. प्रत्येक टप्प्याला तारीख आहे आणि त्यामागे कोणाचा तरी निर्णय आहे. तिथल्या बंदुका शांत व्हायच्या असतील तर त्या शहरात जन्मावरून वेगळा होणारा कायदा आधी संपला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या शहराचे अरबी नाव अल-खलील. खलील म्हणजे ईश्वराचा मित्र, अर्थात इब्राहिम. ज्यू त्यालाच अब्राहम म्हणतात. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहमने पत्नी सारा हिच्या दफनासाठी इथली गुहा एफ्रोन नावाच्या माणसाकडून ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतल्याची कथा आहे. एफ्रोन फुकट द्यायला तयार होता, पण अब्राहमने किंमत देण्याचाच आग्रह धरला. पुढे अब्राहम वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल या दोन्ही मुलांनी मिळून त्याला याच गुहेत पुरले. ज्यू स्वतःला एकाचे वंशज मानतात, अरब दुसऱ्याचे. आज गुहेवरच्या त्या प्राचीन वास्तूत एका बाजूला मशीद आहे, दुसऱ्या बाजूला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह आहे. अब्राहमच्या समाधीकडे दोन्ही बाजूंनी बंदुकीच्या गोळीला न फुटणाऱ्या काचेतून पाहावे लागते.

इथला भूतकाळ समतेचा होता असे म्हणता येणार नाही. १२६७ मध्ये मामलुक सुलतान बैबर्सने ज्यूंना या वास्तूत यायला बंदी घातली. पुढे त्यांना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच जाता येई, आणि ही अवस्था थेट १९६७ पर्यंत टिकली. हा अपमानच होता. ज्यू माणसाच्या मनात त्या सातव्या पायरीची सल असेल तर ती समजून घेतलीच पाहिजे. तरीही शतकानुशतके या गावात ज्यू वस्ती होती. स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू सोळाव्या शतकात इथे येऊन राहिले, त्यांनी सिनेगॉग बांधले. अरब शेजाऱ्यांशी त्यांचा व्यापार होता, एकमेकांकडे जाणेयेणे होते.

हे सगळे ऑगस्ट १९२९ मध्ये उद्ध्वस्त झाले. जेरुसलेममध्ये ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीजवळच्या प्रार्थनेवरून वाद पेटला होता. ज्यू तिथली अल-अक्सा मशीद ताब्यात घेणार, अशी अफवा पसरली आणि हेब्रॉनमध्ये जमावाने ज्यूंच्या घरांवर हल्ला केला. ६७ ज्यू मारले गेले. त्यांत ज्यू धर्मपाठशाळेत शिकणारे तरुण होते, म्हातारी माणसे होती, बायका आणि मुले होती. तेव्हा पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांचे पोलीस बळ त्या गावात नगण्य होते. या हत्याकांडाला कसलेही राजकीय समर्थन असू शकत नाही. पॅलेस्टाइनची बाजू घेणाऱ्यांनी ही घटना तोंडातल्या तोंडात पुटपुटून पुढे जाऊ नये. ती पूर्ण सांगावी.

पूर्ण सांगायची तर त्याच दिवसाचा दुसरा भागही सांगावा लागतो. त्याच शहरातल्या अनेक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवले, जमावासमोर दारात उभे राहून त्यांना वाचवले. जी शेकडो माणसे जगली, त्यांतल्या बऱ्याच जणांचे प्राण अशा घरांनी राखले. द्वेष रक्तात असता तर ही घरे कुठून आली असती? मारणारे आणि वाचवणारे एकाच धर्माचे, एकाच गल्लीतले होते. ब्रिटिशांनी मग ज्यूंना गावातून हलवले. काही कुटुंबे परतली, पण १९३६ च्या अरब बंडाच्या वेळी त्यांनाही बाहेर काढले गेले. १९४८ नंतर शहर जॉर्डनकडे गेले. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने ते जिंकले.

पुढचा टप्पा १९६८ च्या वसंतात सुरू झाला. रब्बी मोशे लेव्हिंगर यांच्या नेतृत्वाखाली काही ज्यू कुटुंबांनी वल्हांडण या ज्यू सणासाठी म्हणून हेब्रॉनमधल्या पार्क हॉटेलात खोल्या घेतल्या आणि सण संपल्यावर आपण इथून हलणार नाही असे जाहीर केले. सरकारने त्यांना हटवले नाही. आधी लष्करी आवारात जागा दिली आणि मग शहराच्या कडेला किर्यात अर्बा ही वसाहत उभी केली. १९७९ मध्ये तिथल्या स्त्रिया आणि मुले रात्री शहराच्या मध्यभागी बेत हदासा या जुन्या इमारतीत शिरली आणि तिथेच राहिली. मे १९८० मध्ये पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी याच इमारतीपाशी सहा ज्यूंना ठार मारले. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. हेब्रॉनचे निवडून आलेले महापौर फहद कवास्मी यांना खटला न चालवता सीमेपार हाकलण्यात आले आणि शहराच्या आत ज्यू वस्ती करायला सरकारने परवानगी दिली. बेकायदा शिरायचे, मग सरकारने लष्कर देऊन ते कायदेशीर करायचे आणि हल्ला झाला की त्याची भरपाई म्हणून आणखी एक इमारत घ्यायची, ही रीत तेव्हापासून पडली. सहा माणसांचे प्राण घेणाऱ्यांनी स्वतःच्या शहराला या रीतीची भेट दिली, हेही तितकेच खरे.

आणि मग २५ फेब्रुवारी १९९४. रमजानचा शुक्रवार, पहाटेची नमाज. किर्यात अर्बाचा रहिवासी, अमेरिकेत जन्मलेला डॉक्टर बारूख गोल्डस्टीन लष्करी गणवेशात गुहेवरच्या वास्तूतल्या इब्राहिमी मशिदीत शिरला आणि सज्द्यात वाकलेल्या माणसांवर पाठीमागून गोळ्या झाडल्या. २९ माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. उरलेल्यांनी त्याला तिथेच मारले. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी संसदेत अत्यंत कडक शब्दांत धिक्कार केला. गोल्डस्टीन ज्या काख या अतिरेकी ज्यू संघटनेशी संबंधित होता तिच्यावर बंदी आली. एवढे इस्रायलने केले आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे.

पण शहरात काय झाले ते पाहा. मारेकरी वसाहतीतला होता, मेलेले शहरातले होते. संचारबंदी मात्र मेलेल्यांच्या नातेवाइकांवर लागली. वसाहतीतली माणसे मोकळी फिरत होती. शुहादा रस्त्यावरची निर्बंधांची साखळी याच हत्याकांडानंतर सुरू झाली. मशिदीची विभागणी झाली. हेब्रॉनच्या पोटातली छोटी वसाहत तरी हलवावी, अशी मागणी राबिन यांच्या मंत्रिमंडळातच झाली होती. त्या वेळी देशाचे मत धक्क्यात होते आणि ते शक्यही होते. राबिन कचरले. चाळीस दिवसांनी, ६ एप्रिलला, हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र इस्लामी संघटनेने इस्रायलच्या अफुला गावात बसजवळ स्फोट घडवून आठ जणांना मारले आणि इस्रायली नागरिकांवरच्या आत्मघातकी हल्ल्यांची मालिका सुरू झाली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात १९९३ मध्ये झालेल्या ओस्लो शांतता कराराला शेवटचा धक्का पुढे राबिन यांच्या हत्येने दिला असे आपण म्हणतो. माझ्या मते तो करार हेब्रॉनमध्येच पांगळा झाला होता. ज्यांचे लोक मेले त्यांच्यावरच कुलूप लावायचे, हा निर्णय पॅलेस्टिनींनी शांततेच्या आश्वासनांपेक्षा जास्त गंभीरपणे वाचला.

जानेवारी १९९७ च्या हेब्रॉन कराराने शहराचे दोन तुकडे केले. सुमारे ८० टक्के भाग, एच-१, पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे ओस्लो करारातून आलेल्या मर्यादित स्वशासनाकडे. उरलेला सुमारे २० टक्के, एच-२, इस्रायली लष्कराकडे. जुने शहर, जुना बाजार आणि गुहेची वास्तू एच-२ मध्ये आली. त्या भागात तीस हजारांहून अधिक पॅलेस्टिनी राहतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे आठशे ज्यू वसाहतवाले. या आठशेंसाठी शेकडो सैनिक तैनात असतात. २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव सुरू झाल्यावर पहिल्या तीन वर्षांत इथल्या पॅलेस्टिनींवर एकूण ३७७ पेक्षा जास्त दिवस संचारबंदी होती, त्यांत सलग १८२ दिवसांची एक. बेत्सेलेम ही इस्रायली मानवी हक्क संघटना आणि तशाच आणखी एका संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शहराच्या मध्यभागी १,०१४ पॅलेस्टिनी घरे रिकामी आढळली आणि १,८२९ दुकाने व धंदे बंद. घरांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर, दुकानांचे तीन चतुर्थांशांहून जास्त. हे आकडे इस्रायली नागरिकांनी स्वतःच्या देशाविरुद्ध मोजले आहेत, त्यामुळे त्यांना शत्रूचा प्रचार म्हणून झटकता येत नाही.

यावर इस्रायली सरकारचे उत्तर एकच असते : सुरक्षा. ते पोकळ नाही. मार्च २००१ मध्ये अबू स्नेना टेकडीवरून नेमबाजाने झाडलेल्या गोळीने बाबागाडीतली दहा महिन्यांची मुलगी मेली. नोव्हेंबर २००२ मध्ये किर्यात अर्बाहून गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाने दबा धरून सैनिक आणि सुरक्षारक्षक मिळून बारा जणांना मारले. दहा महिन्यांच्या बाळावर नेम धरणारा माणूस मला कोणत्याही अर्थाने स्वातंत्र्यसैनिक वाटत नाही. व्याप्त प्रदेशातल्या लोकांना प्रतिकाराचा अधिकार आहे असे मानणाऱ्यांनीही इथे थांबून स्पष्ट ‘नाही’ म्हणायला हवे.

तरी प्रश्न उरतोच. सुरक्षा हवी म्हणून तीस हजार माणसांचा बाजार का बंद व्हावा? धोका आठशे माणसांच्या तिथे असण्यातून येत असेल, तर त्याची किंमत कोणी द्यायची? आणि सुरक्षा हेच खरे कारण असते, तर १९९४ नंतर निर्बंध मारेकऱ्याच्या वसाहतीवरही आले असते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मार्च १९९४ च्या ठराव क्रमांक ९०४ मध्ये वसाहतवाल्यांची हत्यारे जप्त करण्यासह उपाय योजायला सांगितले होते. हत्यारे त्यांच्या खांद्यावरच राहिली.

सगळ्यात मुळाशी आहे तो कायद्याचा भेद. एच-२ मध्ये एकाच गल्लीत दोन मुलांनी एकमेकांवर दगड मारले तर ज्यू मुलाला इस्रायलचा नागरी कायदा लागू होतो, वकील आणि बालन्यायालय मिळते. पॅलेस्टिनी मुलगा लष्करी न्यायालयात जातो. मार्च २०१६ मध्ये हेब्रॉनच्या तेल रुमेदा भागात एका पॅलेस्टिनी तरुणाने सैनिकाला भोसकले. गोळी लागून तो रस्त्यावर जखमी पडला होता, हालचालही जवळजवळ थांबली होती. काही मिनिटांनी एका सैनिकाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. शेजारच्या पॅलेस्टिनी रहिवाशाने हे चित्रित केले नसते तर बाहेर आलेच नसते. सैनिकावर खटला चालला, दोषही सिद्ध झाला, शिक्षा १८ महिन्यांची. ती १४ वर आली आणि तो नऊ महिन्यांत सुटला. देशातल्या बड्या नेत्यांनी त्याच्या माफीची मागणी केली होती. चाकू चालवणारा गुन्हेगार होता, त्याला अटक होऊन शिक्षा व्हायला हवी होती. पण निपचित पडलेल्या माणसाच्या प्राणाची किंमत नऊ महिने ठरते, तेव्हा शहरातला प्रत्येक तरुण त्यातून काय शिकतो हे सांगायला हवे का?

या व्यवस्थेचा एक कमी बोलला जाणारा परिणाम पॅलेस्टिनींच्या आपापसातल्या बंदुकांत दिसतो. एच-२ मध्ये पॅलेस्टिनी पोलिसांना उघडपणे काम करता येत नाही. इस्रायली पोलिसांना पॅलेस्टिनी घरांतल्या गुन्ह्यांत फारसा रस नाही. मग मोठी कुटुंबे आणि कुळे आपापला न्याय आपापल्या बंदुकीने करतात. भाऊबंदकीतून रस्त्यावर तासन्‌तास गोळीबार झाल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. दुसरीकडे पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे हातही स्वच्छ नाहीत. जून २०२१ मध्ये प्राधिकरणावर टीका करणाऱ्या निझार बनात यांना प्राधिकरणाच्याच सुरक्षा दलाने हेब्रॉनमध्ये पहाटे घरातून उचलले, बेदम मारले आणि त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे हेब्रॉनच्या सामान्य माणसाला लष्कर आहे, वसाहतवाला आहे, कुळाचा बंदूकवाला आहे आणि स्वतःच्या सरकारचा गुंडही आहे. ज्याच्याकडे दाद मागावी असे कोणी नाही.

ज्यूंना हेब्रॉनमध्ये राहण्याचा हक्क नाही का, असे मला विचारले जाईल. आहे. ज्यांच्या पूर्वजांना १९२९ मध्ये मारले, हुसकावले, त्यांना तिथे शेजारी म्हणून राहण्याचा हक्क मी नाकारणार नाही. पण हा हक्क मान्य केला की तो एकाच बाजूला थांबत नाही. १९४८ मध्ये जाफा, लिद्दा, हैफा इथून हुसकावल्या गेलेल्या पॅलेस्टिनींच्या घरांचे काय? इस्रायलचा १९५० चा कायदा त्यांना ‘अनुपस्थित’ ठरवून त्यांची मालमत्ता काढून घेतो. जुन्या कागदावर एकाला घर परत आणि दुसऱ्याला निर्वासितांची छावणी, याला कोणी न्याय म्हणू नये. विशेष म्हणजे १९२९ पूर्वीच्या हेब्रॉनकर ज्यूंच्या काही वंशजांनी १९९० च्या दशकात जाहीर केले की आजचे वसाहतवाले आमचे वारस नाहीत, त्यांनी निघून जावे. दुसऱ्या काही वंशजांनी वसाहतीला पाठिंबाही दिला. रक्ताच्या नात्यातून एकच राजकारण निघत नाही, हे यातून दिसते.

मराठी माणसाला यात एक गोष्ट सहज कळायला हवी. अलिबागजवळच्या नौगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागल्याची परंपरा सांगणारे बेने इस्रायल कोकणात तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. शतकानुशतके ते आपल्यात राहिले आणि त्यांना राखायला कुठल्या पलटणीची गरज पडली नाही. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसमध्ये ज्यूंना वेचून मारले गेले, ते बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी, आणि सगळे शहर त्यांच्या दुःखात सामील झाले. बेने इस्रायल इस्रायलला गेले तेव्हा त्यांच्याच धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेतली. या लोकांनी धरणे धरले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला त्यांची बरोबरी मान्य करावी लागली. जन्मावरून कमी लेखले जाणे काय असते, हे त्यांना माहीत आहे. आज महाराष्ट्रातला एक वर्ग इस्रायलच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करतो ते ज्यूंवरच्या प्रेमापोटी नव्हे, तर मुसलमानांवरच्या रागापोटी. दुसरा वर्ग हमासच्या क्रौर्याकडे डोळेझाक करतो. दोघांनाही हेब्रॉनच्या माणसांशी देणेघेणे नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने दक्षिण इस्रायलमध्ये सुमारे बाराशे लोकांना मारले, अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. हे अमानुष होते. त्यानंतर गाझात हजारो मुले मारली गेली, हेही अमानुष आहे. हेब्रॉन गाझापासून दूर, तिथे त्या दिवशी काही घडले नव्हते. तरीही एच-२ मधल्या पॅलेस्टिनी वस्त्यांवर आठवडेच्या आठवडे संचारबंदी लादली गेली, दिवसातले मोजके तास बाहेर पडायची मुभा. वसाहतीतून सैन्यात भरती झालेले काही जण गणवेश घालून शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले. किर्यात अर्बात राहणारे, गोल्डस्टीनचे छायाचित्र वर्षानुवर्षे घरात लावणारे इतामार बेन-ग्वीर २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय सुरक्षा मंत्री झाले, पोलीस त्यांच्या हाताखाली आले. शहरात काय चालते ते पाहणारे आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक इस्रायलने २०१९ मध्येच बंद केले होते.

करायचे काय, हे अवघड नाही. शुहादा रस्ता सर्वांना खुला करा. एका शहरात एकच दिवाणी-फौजदारी कायदा लागू करा. निरीक्षक परत आणा. वसाहतवाल्यांची हत्यारे काढून घ्या, पॅलेस्टिनी सशस्त्र गटांचीही घ्या. ज्यांना या अटींवर शेजारी म्हणून राहायचे आहे त्यांनी राहावे. ज्यांना लष्कराच्या आडूनच राहायचे आहे त्यांना हलवावे. २००५ मध्ये इस्रायलने गाझामधून आठ हजारांहून अधिक वसाहतवाले काही दिवसांत हलवले, तर आठशेंना हलवणे अशक्य कसे? एकतर्फी माघारीनंतर गाझात हमास आला, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हेब्रॉनमध्ये हे पॅलेस्टिनींशी करार करून, निरीक्षकांच्या उपस्थितीत व्हायला हवे.

जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी प्रदेशांवरचा इस्रायलचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत तो ताबा संपवण्याच्या ठरावावर १२४ देशांनी बाजूने मत दिले, १४ विरोधात गेले, ४३ तटस्थ राहिले. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणारा भारत त्या ४३ मध्ये होता. इस्रायलशी मैत्री ठेवायला माझी हरकत नाही, पण मित्राला त्याच्या ताब्यातल्या रस्त्यावर दोन कायदे चालवू देणे हे आपल्या संविधानाला साजेसे नाही. असा ठराव पुन्हा येईल तेव्हा भारताने बाजूने मत द्यावे आणि आपल्या खासदारांनी त्यासाठी संसदेत सरकारला जाब विचारावा.